ताऱ्यांच्या गतीवरून कृष्णविवराचं वस्तुमान काढताय? या चुका टाळा

मुंबईत टीवायबीएस्सी आणि एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासताना दरवर्षी त्याच चुका समोर येतात. सगळ्यात महागात पडते ती अंतराची.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती एस-2 तारा साधारण 16 वर्षांत एक फेरी मारतो. कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष मोजला जातो कोनात: सुमारे 0.125 आर्कसेकंद. त्याची खगोलीय एककं करायला अंतर लागतं, आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमात त्या अक्षाचा घन होतो. दादरच्या एका कॉलेजातल्या मुलाचं उत्तर 46.5 लाख सूर्यांएवढं वस्तुमान असं येत होतं. यायला हवं होतं 43 लाखांच्या आसपास. विरार लोकलमध्येसुद्धा लॅपटॉप उघडून तो कोडमधली चूक शोधायचा. इंटिग्रेटर (कक्षा टप्प्याटप्प्याने मोजणारा कोडचा भाग) बदलला, सापेक्षतेच्या दुरुस्त्या घातल्या. कोड आधीपासूनच बरोबर होता! अंतर मात्र जुन्या पुस्तकातून उचललेलं, 8.5 किलोपार्सेक, म्हणजे 1985 चं ठरीव मूल्य. आजचं मूल्य सुमारे 8.28 आहे. अंतरात तीन टक्क्यांहून कमी फरक, वस्तुमानात आठ टक्के. म्हणून मी वहीच्या पहिल्या ओळीत अंतर, त्याचं साल आणि त्रुटी लिहून घेतो. ती ओळ नसेल तर मी पुढचं पान वाचत नाही.

आकाशात दिसणारं लंबवर्तुळ म्हणजे खऱ्या कक्षेचा प्रक्षेप. कृष्णविवर त्याच्या नाभीवर सापडणार नाही. आधी कक्षेचा कल, म्हणजे ती आपल्या नजरेला किती तिरकी आहे ते, काढा.

दूरच्या दीर्घिकांत सुटे तारे दिसत नाहीत, तिथे वर्णरेषांच्या रुंदीवरून ताऱ्यांच्या वेगांमधला पसारा मोजतात. मध्याकडे पसारा वाढला की मुलं लगेच कृष्णविवर जाहीर करतात. 1978 मध्ये एम-87 या दीर्घिकेसाठी असाच सुमारे 5 अब्ज सूर्यांचा दावा झाला. 1982 मध्ये बिनी आणि मॅमन यांनी दाखवलं की तारे मुख्यतः केंद्राकडे-केंद्रापासून असे धावत असतील, तर कृष्णविवराशिवायही तीच निरीक्षणं जुळतात. पुढे तिथे कृष्णविवर पक्कं झालं, पण म्हणून ती शंका फिजूल ठरत नाही. सगळ्या दिशांना वेग सारखा धरून केलेलं मॉडेल मी परत पाठवतो.

उपकरणामुळे वर्णरेषेला येणारी रुंदी मोजलेल्या रुंदीतून वजा करा, आणि वजाबाकी रुंदींच्या वर्गांची करा.

एम-सिग्माचं सूत्र, म्हणजे वेगांच्या पसाऱ्यावरून थेट कृष्णविवराचं वस्तुमान सांगणारं सूत्र, लावून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या वस्तुमानांवरून ते सूत्र बसवलं, ती कुणीतरी कष्टाने मोजलेली आहेत. शिवाय एकेका दीर्घिकेसाठी सूत्राचं उत्तर सहज दुपटीने चुकू शकतं. तो आकडा तक्त्यात घालायचाच असेल, तर वेगळ्या रकान्यात, वर ‘अंदाज’ असं लिहून.