पाऊस गेला तरी उधाण जात नाही

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निवळतं आणि किनाऱ्यावरची माणसं निर्धास्त होतात. पण अरबी समुद्रात वादळं या महिन्यांतही उठतात. 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' कोकणावर आलं. 2019 च्या ऑक्टोबरात 'क्यार' किनाऱ्यापासून दूरच राहिलं, तरी सिंधुदुर्गात पाणी वस्तीत शिरलं.

म्हणून हवामान खात्याचा इशारा आला की लगेच तिथी पाहा. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अमावास्या-पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या आसपास, दिवसा आणि रात्रीही. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाण सर्वांत मोठं असतं. तेव्हाच वादळी वारा समुद्राकडून आत येत असेल, तर देवबागसारख्या खाडी आणि समुद्रामधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन्हीकडून पाणी चढतं.

रात्रीच्या भरतीआधी, उजेड असतानाच होडी वर ओढा, गुरं सोडवून उंचावर न्या, विहीर झाका. खारं पाणी विहिरीत उतरलं की पिण्याचे फार हाल होतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्येही घालून ठेवा.