‘हॅव’ लावण्याआधी ‘कधी?’ विचारा

मी नाशिकला मुलाखतीसाठी इंग्रजी शिकवते. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची, मराठी माध्यमातून आलेली मुलं ओळख करून देताना हमखास म्हणतात, “आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2021.” इथे ‘हॅव’ चालत नाही. का चालत नाही ते कळलं की साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला बराचसा गोंधळ मिटतो.

मराठीत “मी 2021 ला बीकॉम केलंय” हे वाक्य कुणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र गोष्ट कधी घडली हे सांगितलं, म्हणजे येस्टरडे, लास्ट मंथ, टू डेज अगो, इन 2021 असं काही वाक्यात आलं, की ‘हॅव’ काढायचं: “आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2021.” साल सांगायचं नसेल, नुसती पदवी हातात आहे एवढंच सांगायचं असेल, तर “आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम” बरोबर. ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नालाही हेच लागू: “व्हेन डिड यू जॉइन?” म्हणा, “व्हेन हॅव यू जॉइन्ड?” नको.

वेळ सांगितलेली नसते तेव्हा खरी परीक्षा. अशा वेळी बघायचं की तो काळ संपलाय की अजून चालू आहे. मुलाखतीत याने अर्थच बदलतो. “आय वर्क्ड इन अ बँक फॉर टू इयर्स” ऐकलं की समोरचा समजतो, ती नोकरी सुटली. “आय हॅव वर्क्ड इन धिस बँक फॉर टू इयर्स” म्हणजे तुम्ही आजही तिथेच आहात. अजून तिथे असताना ‘वर्क्ड’ म्हणालात तर पुढचा प्रश्न येणार, का सोडली? आणि “आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स 2022” हे तर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं, कारण आपण “2022 पासून काम करतोय” असं वर्तमानात बोलतो. तिथे “आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2022” हवं.

माणसांबद्दल बोलतानाही हेच. लता मंगेशकर 2022 मध्ये गेल्या, म्हणून “शी सँग इन मेनी लँग्वेजेस.” आज गाणाऱ्या गायिकेबद्दल “शी हॅज संग.” राज्यघटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली, तिथे “केम इंटू फोर्स.” पण ती आजही लागू आहे आणि तिच्यात बदल होत आलेत, म्हणून “इट हॅज बीन अमेंडेड मोअर दॅन अ हंड्रेड टाइम्स.” सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर सराव करायला ही जोडी मला फार आवडते.

बातमी सांगायची असेल तर पहिलं वाक्य ‘हॅज’चं आणि तपशील साध्या भूतकाळात: “द रेन हॅज डॅमेज्ड द ग्रेप्स. इट स्टार्टेड अ‍ॅट मिडनाइट.”

‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ची धास्ती घेऊ नका. ब्रिटिश वळणात “आय हॅव जस्ट ईटन”, अमेरिकन बोलण्यात “आय जस्ट एट” सर्रास चालतं. परीक्षेत पहिलं लिहा.

आपल्याकडचा आणखी एक सापळा ‘हॅड’चा. “काल मुंबईला गेलो होतो” याचं “आय हॅड गॉन टू मुंबई येस्टरडे” करू नका. “आय वेंट टू मुंबई येस्टरडे” पुरे. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती हे दाखवायचं असेल तेव्हाच ‘हॅड’ वापरा: “द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर आय रीच्ड नाशिक रोड.”

आता तुमची ओळख कागदावर लिहून काढा. प्रत्येक साल, महिना आणि ‘अगो’खाली रेघ मारा. त्या वाक्यात ‘हॅव’ दिसलं तर खोडा, पण सालाआधी ‘सिन्स’ असेल तर राहू द्या. मग सध्याच्या नोकरीचं वाक्य शोधा आणि तिथे ‘हॅव’ आहे ना, ते बघा. दोन्ही जागा नीट झाल्या की मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या दिवशी कागद न बघता बोला.