राजवाडा आणि सराफा एकाच फेरीत

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली. पण आलेले पाहुणे दुपारी सराफ्यात जातात आणि तिथे फक्त सोन्याची दुकानं बघून परततात. नाहीतर रात्री जातात, तेव्हा जवळचा होळकरांचा राजवाडा बंद. आमच्याकडे पाहुणे आले की मी असं करते:

१. गाडी घरीच ठेवायची. रिक्षाने साडेतीनपर्यंत राजवाड्याला पोचायचं, कारण पाचच्या सुमारास तो बंद होतो. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, हे आधी चौकातून नीट बघून घ्यायचं. १९८४ च्या आगीनंतर बराच भाग पुन्हा बांधलाय. आत मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे, ते चुकवू नका.

२. उन्हं उतरली की चालत कृष्णपुरा छत्र्या. छत्र्या म्हणजे होळकरांची स्मारकं, त्यांच्यावरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात जास्त उठून दिसतं.

३. मधल्या वेळात बाजारात खरेदी. चहा घ्या, पण कचोरी नको! भूक राखून ठेवायची.

४. नऊनंतर सराफा. दुकानांची शटर खाली येतात आणि त्यांच्याच पुढ्यात खाऊचे ठेले लागतात. चौघांत एकच प्लेट घ्यायची. आधी भुट्ट्याचा कीस, मग दहीवडा, शेवटी जलेबी. थंडीत असाल तर गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद, हवंच. प्रत्येकी एक प्लेट घेतली की तिसऱ्या ठेल्यावरच सगळे हात टेकतात, हे दर वेळी बघते.

सोमवार मात्र टाळा, राजवाडा बंद असतो.