उरलंसुरलं आणि दोन अंडी

रात्रीची वाटीभर बटाट्याची भाजी कढईत टाकली, त्यावर लगेच अंडी फोडली आणि ढवळत बसलो, की जे तयार होतं ते धड भाजीही नसतं आणि धड भुर्जीही नसते. अंड्याचे करड्या रंगाचे तुकडे होतात, तळाशी पाणी सुटतं आणि बटाटा मध्ये गारच राहतो. यात दोष भाजीचा नाही आणि अंड्याचाही नाही. क्रम चुकलेला असतो.

फ्रिजमधून काढलेलं अन्न थंड असतं आणि त्याला पाणी सुटलेलं असतं. अंड्याला मात्र शिजायला फार उष्णता लागत नाही. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, बलक ६५ च्या पुढे. दोन्ही एकदम आचेवर ठेवलं तर भाजी गरम होईपर्यंत अंडं चिवट होऊन जातं. म्हणून खालच्या सगळ्या कृतींत एकच क्रम आहे: उरलेलं अन्न आधी नीट गरम करायचं, त्यातलं पाणी आटवायचं, चव बघायची आणि अंडं अगदी शेवटी घालायचं.

मिठाचंही तसंच. भाजीत, आमटीत मीठ-तिखट आधीच आहे. नव्याने लागतं ते फक्त अंड्यापुरतं, एका अंड्याला एक चिमूट.

आधी दोन गोष्टी तपासा

अंडं ताजं आहे का, हे पाण्यात कळतं. भांडंभर पाण्यात सोडल्यावर ते तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाला टेकून उभं राहिलं तर जुनं आहे, पण चालेल. तरंगलं तर टाकून द्या. अंडं जुनं होतं तशी त्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, म्हणून ते वर येतं. तरीही प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. एका खराब अंड्यापायी सगळी भाजी टाकून द्यावी लागली, तर फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट भाताची. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरू नका, वास चांगला येत असला तरी. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात, आणि भात कोमट राहिला की वाढून असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात उरणार असं दिसलं की पसरट ताटलीत निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाका. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन तास म्हणजेसुद्धा जास्तच झाले.

सुक्या भाजीवर अंडी: पारशी घरांतली रीत

मला सगळ्यांत आवडते ती ही कृती. पारशी स्वयंपाकात तिला ‘पर ईडू’ म्हणतात, म्हणजे ‘वर अंडं’. भेंडीवर अंडं, टोमॅटोवर अंडं, बटाट्यावर अंडं, बटाट्याच्या तळलेल्या सळ्यांवर अंडं, असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत. मुंबईत पारशी शेजार लाभलेल्या घरांना हे नवीन नाही. आपल्या उरलेल्या भाजीला ही रीत इतकी चपखल बसते, की मी आता मुद्दाम थोडी जास्त भेंडी करते.

१. वाटीभर सुकी भाजी पसरट तव्यात, चमचाभर तेलावर मध्यम आचेवर परता. चर्र आवाज यायला हवा आणि तळाचं पाणी पूर्ण आटायला हवं. तीन-चार मिनिटं लागतात.

२. चव बघा. भाजी गोडसर लागली तर हिरवी मिरची आणि थोडं आलं घाला. नवा मसाला घालू नका, तो कच्चा राहतो.

३. भाजी दाबून एकसारखी पसरा. जाडी बोटाच्या एका पेराहून कमीच असू द्या. चमच्याच्या पाठीने दोन खळगे करा.

४. वाटीत फोडलेलं एकेक अंडं अलगद खळग्यात सोडा. वर मीठ आणि मिरपूड भुरभुरा.

५. कडेने चमचाभर पाणी सोडून घट्ट झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करा. तीन ते चार मिनिटांत पांढरा भाग पक्का होतो. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर आणखी दोन मिनिटं ठेवून बलकही घट्ट होऊ द्या.

भेंडी, बटाटा, फ्लॉवर, मेथी, पालक, कोबी या भाज्या छान लागतात. दुधी आणि पडवळ यांना पाणी सुटतच राहतं, त्यांचा नाद सोडा. कारल्याबद्दल दोन मतं असतील, मला तरी ते अंड्याखाली आवडतं.

शिळ्या पोळीचा अंडा-कुस्करा

फोडणीची पोळी कुणाला नव्याने शिकवायला नको. तिच्यात अंडं घातलं की सकाळच्या डब्याचं पोटभरीचं खाणं होतं. यासाठी पोळी शिळीच हवी. ताजी पोळी मऊ असते, तिचे गोळे होतात. रात्रभर राहिलेली जरा कोरडी झालेली असते, ती अंडं अंगावर घेते.

तीन पोळ्या हाताने कुस्करा, शेंगदाण्याएवढे तुकडे होईपर्यंत. मिक्सरमधून काढू नका. त्याचा भुगा अंडं पिऊन टाकतो आणि सगळं लापशीसारखं होतं.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करा. बारीक चिरलेला एक मोठा कांदा आणि दोन मिरच्या घालून कांदा कडेने तांबूस होईपर्यंत परता. आता कुस्करलेली पोळी, मीठ, चिमूटभर साखर. दोन मिनिटं परतून काही तुकडे कुरकुरीत होऊ द्या. मग सगळा कुस्करा कडेला सारून मध्ये जागा करा, तिथे अर्धा चमचा तेल सोडा आणि फेटलेली दोन अंडी ओता. दहापर्यंत आकडे मोजा, हात लावू नका. अंडं खालून धरायला लागलं की उलथन्याने मोठे मोठे तुकडे करत हलवा आणि अजून थोडं ओलसर असतानाच कुस्करा त्यात ओढून घ्या. गॅस बंद, वर झाकण, एक मिनिट. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर.

भाकरीचाही असाच होतो, पण ज्वारीची शिळी भाकरी जास्त कोरडी असते. कुस्करल्यावर तिच्यावर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग फोडणीला घाला.

भातासाठीही हीच रीत, फक्त आच मोठी ठेवा आणि भात फ्रिजमधून काढल्यावर बोटांनी मोकळा करून घ्या.

उरलेला रस्सा

उसळीचा रस्सा, चिकनचा रस्सा, मिसळीचा उरलेला कट, काहीही चालतं. कढईत ओतून खळखळून उकळी येऊ द्या आणि चांगला दाटसर होईपर्यंत आटवा. मग आच कमी करून नुसते बारीक बुडबुडे येतील इतपत ठेवा. वाटी रश्श्याला टेकवून अंडं आत सोडा. पहिली दोन मिनिटं चमचा लावायचा नाही, नाहीतर अंडं फुटून रस्सा गढूळ होतो. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. उकडून, सोलून घातलेल्या अंड्यापेक्षा हे अंडं मऊ असतं, आणि रश्श्यालाही त्याची चव लागते.

रस्सा अगदीच थोडा, वाटीभर उरला असेल तर गोव्याची वाट धरा. तिथे संध्याकाळी गाड्यांवर रस ऑम्लेट मिळतं: कांदा-मिरचीचं ऑम्लेट, त्यावर शागोतीचा, म्हणजे गोव्याकडच्या चिकनच्या मसालेदार रश्श्याचा, गरम रस, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि सोबत पाव. शागोतीत भाजलेलं खोबरं आणि खसखस असते, त्यामुळे रस दाट आणि खमंग असतो. आपल्या घरचा भाजलेल्या वाटणाचा रस्साही तिथे शोभतो, मग तो चिकनचा असो की काळ्या वाटाण्याचा. ऑम्लेट पातळ आणि कडेला कुरकुरीत करा, खोलगट ताटलीत ठेवा, आणि रस उकळता असतानाच वर ओता. पाव कालचा असेल तर मधून चिरून, त्याच गरम तव्यावर थोडं तूप लावून भाजून घ्या. ताटलीत तळाशी राहिलेला रस पुसून घ्यायला असा कडक झालेला पावच बरा पडतो.