पोलीस आणि त्याच्या इमानी कुत्र्याची रहस्यकथा कशी लिहावी

आधी कुत्र्याचं काम ठरवा. श्वान पथकात माग काढणारा वेगळा, स्फोटकं हुंगणारा वेगळा, अमली पदार्थांचा वेगळा. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर आरडीएक्स हुडकणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर ‘जंजीर’ चोराच्या मागावर कुणी सोडला नसता. खुनाच्या कथेला माग काढणारा घ्या, डॉबरमन शोभेल.

मग त्याचा माणूस. हौशी लेखक इथे हटकून रुबाबदार इन्स्पेक्टर आणतात. साखळी असते हवालदाराच्या नाहीतर शिपायाच्या हातात, तेव्हा नायक तोच करा. साहेबांपुढे मान खाली, पण कुत्र्याचा कान हलला तरी ह्याला कळतं.

आता घटनास्थळ. पोलिसांच्या आधी बघे पोचतात, हे विसरू नका. वासावर वास चढतो. कुत्र्याने पडवीतली चप्पल हुंगली, परसातून उसाच्या बांधाने डांबरी सडकेपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. बातमी इथे संपते, तुमची कथा इथे सुरू होते. गुन्हेगार गाडीवर बसून गेला असणार, पण कुणाच्या?

खरी मेख पुढे आहे. कुत्रा संशयितावर भुंकला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मागाला फारसं वजन दिलं नाही. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाही, त्याची उलटतपासणी कोण घेणार? म्हणून हवालदाराला खात्री आहे आणि हातात काहीच नाही, ही अवस्था जितकी ताणाल तितकी कथा चढेल. एक डाव सुचवतो: चप्पल मामाची, पण त्या रात्री पायात घातली भाच्याने. दोघांचाही वास तिच्यात. कुत्रा मामाच्या दारात जाऊन बसतो आणि अख्खं गाव मामाला खुनी ठरवतं. भाच्यापर्यंत पोचायला मग पंचनामा, मोबाईलचं लोकेशन, पंचांसमक्ष जप्त केलेले चिखलाचे कपडे, असा माणसांचा पुरावा लागतो. तो शेवटापासून उलटा आखत या, म्हणजे दुवे सुटणार नाहीत.

इमान दाखवायला शेवटी कुत्र्याला गोळी घालू नका. रडवायची ती फार स्वस्त युक्ती. हवालदार रजेवर असताना दुसऱ्याने ठेवलेल्या जेवणाला तो तोंड लावत नाही, एवढं पुरे.

लिहून झाल्यावर कुत्रा मनातल्या मनात मराठीत विचार करतो ती वाक्यं शोधा आणि खोडा.