निळा धूर, आणि चीर हवेच्या पाइपाला

काटोल रोडकडच्या आमच्या संत्राबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला, ऑइल पिऊ लागला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते, ते पाहू." डिझेल फवारणारा इंजेक्टर काढून तिथं प्रेशर मोजायचा गेज लावला. एका सिलिंडरचं प्रेशर कमी. त्यात चमचाभर ऑइल टाकलं तर काटा वर चढला, कारण ऑइलनं पिस्टनभोवतीची फट बुजली. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरचं आतलं नळकांडं, म्हणजे लायनर, हेच गेलेले. खोलल्यावर लायनरच्या वरच्या भागात नख अडेल असा काठ लागला.

पण इतकी झीज कशानं? एअर क्लीनरच्या रबरी पाइपाला क्लिपखाली चीर, आत बारीक माती! तो पाइप आधी बदलला, मगच लायनर, पिस्टन, रिंगा. रिंगांची तोंडं, म्हणजे त्यांच्या टोकांमधल्या फटी, एका रेषेत येऊ दिली नाहीत, नाहीतर तिथून प्रेशर गळतं. सुरुवातीला हलकंच काम घेतलं आणि ऑइल लवकर बदललं.