गरोदरपणातला मधुमेह: वारेची हार्मोन्स, बाळाची वाढ आणि साखरेची वही

गरोदरपणात साखर वाढली की घरात आधी पेढ्यांवर संशय जातो. खरं कारण बहुतेकदा वार (प्लॅसेंटा) असते. ती प्लॅसेंटल लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि वाढीचं स्वतःचं एक हार्मोन तयार करते; आईचं कॉर्टिसॉलही वाढतं. या सगळ्यांपुढे आईचं इन्सुलिन कमी पडू लागतं, आणि विसाव्या आठवड्यानंतर हे जास्त जाणवतं. म्हणून नाव नोंदवताना केलेली चाचणी नॉर्मल आली असली तरी 24 ते 28 आठवड्यांत ती पुन्हा करायची. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिली पाण्यात मिसळून 5 ते 10 मिनिटांत प्यायचं; उपाशी असायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी. दोन तासांनी साखर 140 किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात.

आईचं ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, इन्सुलिन जात नाही. मग जास्तीच्या साखरेसाठी बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन काढतं, आणि पोटातल्या बाळात इन्सुलिन म्हणजे वाढीचं हार्मोन. चरबी पोटावर आणि खांद्यांवर साठते, डोकं त्या मानाने वाढत नाही; म्हणून प्रसूतीत डोकं बाहेर येऊन खांदे अडकण्याची भीती. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र तसंच राहतं आणि बाळाची साखर घसरते. पहिल्या तासातच अंगावर पाजायचं आणि बाळाची साखर तपासायची ती यासाठी.

घरी ग्लुकोमीटरवर लक्ष्य असं: उपाशीपोटी 95 च्या खाली, जेवणानंतर एका तासाने 140 च्या किंवा दोन तासांनी 120 च्या खाली. वेळ पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटावरचा आकडा खोटाच येतो. टोचायचं बोटाच्या कडेला. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर पट्ट्या खराब होतात. वहीत नुसता आकडा लिहू नका, शेजारी काय आणि किती खाल्लं तेही लिहा. त्याशिवाय डॉक्टरांना डोस ठरवता येत नाही.

नाश्त्यानंतरचा आकडा सर्वांत हट्टी. पहाटे कॉर्टिसॉल जास्त असतं, त्यामुळे दुपारी चालणारी भाकरी सकाळी जड जाते. पोह्यांची भरली प्लेट नको, अर्धीच घ्या, सोबत मटकीची उसळ किंवा अंडं. साबुदाणा खिचडी आणि उसाचा रस या काळात नकोतच. उपास तर अजिबात नको: उपाशी राहिलं की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी, हा मेळ बरा.

दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांचे आकडे 120 च्या वर राहिले तर डॉक्टर औषध सुरू करतात. इन्सुलिनची भीती अनाठायी आहे, सवय लागत नाही. साखर 70 च्या खाली गेली, घाम किंवा थरथर सुटली, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मुदतपूर्व प्रसूतीच्या भीतीने बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर काही दिवस साखर उसळते. ती आहाराची चूक नव्हे.

सोनोग्राफी 28–30 आणि 34–36 आठवड्यांत. अहवालात एकूण वजनापेक्षा बाळाच्या पोटाचा घेर आधी पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं की इथली बाळं वजनाने लहान असूनही चरबीत मागे नसतात. तेव्हा ‘अडीच किलोचंच आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. आईला आधीपासून मधुमेह असून रक्तवाहिन्या खराब असतील तर उलट बाळाची वाढ खुंटते.

शेवटच्या आठवड्यांत कारण नसताना साखर अचानक उतरू लागली, इन्सुलिन कमी लागू लागलं, तर आनंद मानू नका. वार थकल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी कळवा, बाळाच्या हालचाली मोजा.

वार पडल्याबरोबर ही हार्मोन्स उतरतात आणि इन्सुलिनची गरज काही तासांतच घटते, त्यामुळे जुना डोस पुढे चालवायचा नाही. सहा आठवड्यांनी 75 ग्रॅमची चाचणी, या वेळी उपाशीपोटी. बाळाची लसही सहाव्या आठवड्यातच असते; दोन्ही एका खेपेत उरका.